व्हॉल्व बंद होताना ट्रान्झिस्टर उडतो : दोष कुठे असतो आणि कायमचा उपाय काय

नाशिकजवळच्या दिंडोरी-निफाडकडून ठिबकच्या ऑटोमेशनची जी कार्डं दुरुस्तीला येतात, त्यांच्याबरोबर येणारी तक्रार ठरलेली असते. व्हॉल्व चालू होतो, पण बंद होत नाही, आणि प्लॉटला रात्रभर पाणी जात राहतं. गावातला वायरमन व्हॉल्वचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर बदलून देतो, आठवडाभर सगळं सुरळीत चालतं आणि पुन्हा तेच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हाच आजार वेगळ्या रूपात दिसतो. पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचं) एकच आउटपुट सारखं जातं, नाहीतर हायड्रॉलिक व्हॉल्व सुटला की शेजारच्या डिस्प्लेवर भलतीच अक्षरं उमटतात.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे "मोठा ट्रान्झिस्टर टाका". हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. उडतो तो ट्रान्झिस्टर हे खरं, पण त्याला मारणारी व्हॉल्वमधली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, असते, आणि ती कॉइल पूर्णपणे चांगली असते. चांगली कॉइल जशी वागायला हवी तशीच ती वागत असते.

आधी निदान पक्कं करा

फोनवर मी पहिला प्रश्न एकच विचारतो.

"दादा, बिघडलं तेव्हा व्हॉल्व चालू होत होता की बंद?"

"बंद व्हायच्या टायमाला, सर. चालू तर बरोबर झाला होता."

एवढ्यावर निम्मं काम होतं. चालू होताना किंवा चालू असताना ट्रान्झिस्टर जात असेल तर कॉइल शॉर्ट, वायर शॉर्ट किंवा जास्त करंट यांचा संशय घ्यायचा. बंद होताना जात असेल तर कॉइलचा उलटा झटका. आणखी एक खूण बघा. उडालेल्या ट्रान्झिस्टरचं अंग काळं पडलेलं नसतं, हीटसिंकही गरम झालेली नसते, पण बजर मोडवर कलेक्टर-एमिटर दोन्ही बाजूंनी वाजतात. गार अंगाने शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा व्होल्टेजने मेलेला असतो. त्याला मोठी हीटसिंक लावून काहीही साधत नाही.

मल्टिमीटरवर हा झटका शोधायला जाऊ नका. मीटर त्या मानाने फार संथ आहे, तो २४ व्होल्टच दाखवत राहील. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, मात्र प्रोब दहापटीवर ठेवा आणि त्याची व्होल्टेज मर्यादा आधी वाचा. स्कोप नसेल तर इंडिकेटरमधला छोटा निऑन दिवा त्याच्या रेझिस्टन्ससकट कॉइलच्या दोन टोकांना जोडा आणि कॉइल कार्डावरून न चालवता साध्या पुशबटनाने २४ व्होल्ट डीसीवर चालू-बंद करा. निऑन पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात, त्यामुळे २४ व्होल्टवर तो पेटायलाच नको. पण बटन सोडलं की तो लख्खकन चमकतो. नव्या वायरमनला मी हे आवर्जून दाखवतो, कारण एकदा ती चमक पाहिली की पुढचं काहीच पटवून द्यावं लागत नाही. त्या वेळी उघड्या टोकांना हात लावू नका. मोठ्या चोकची कंटिन्युइटी बघताना प्रोबची टोकं बोटांत धरून काढली तर मीटरच्या इवल्या करंटवरही चांगला झटका बसतो.

कॉइल अशी का वागते

आदर्श इंडक्टरचा, म्हणजे रेझिस्टन्स नसलेल्या कॉइलचा, नियम एका ओळीत मावतो. त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज म्हणजे इंडक्टन्स (करंटच्या बदलाला विरोध करण्याचा कॉइलचा गुण) गुणिले करंट बदलण्याचा वेग. करंट किती आहे याच्याशी व्होल्टेजचा संबंध नाही, तो किती वेगाने बदलतोय याच्याशी आहे. रेझिस्टन्सच्या सवयीने विचार करणाऱ्याला इथेच अडखळायला होतं. रेझिस्टन्समध्ये करंट असेल तर व्होल्टेज असतंच. आदर्श इंडक्टरमध्ये मात्र दहा अँपिअर वाहत असले तरी ते स्थिर असतील तर व्होल्टेज शून्य. उलट, क्षणभर करंट शून्य असतानाही व्होल्टेज पूर्ण असू शकतं.

आकड्यांत बघू. २४ व्होल्टची, १२ वॅटची सोलेनॉइड कॉइल घ्या. करंट अर्धा अँपिअर, रेझिस्टन्स ४८ ओहम. इंडक्टन्स हिशोबापुरता अर्धा हेन्री धरू. कॉइल आदर्श असती, म्हणजे तांब्याला रेझिस्टन्सच नसता, तर २४ व्होल्ट लावल्यावर करंट दर सेकंदाला ४८ अँपिअर या ठरावीक वेगाने वाढतच गेला असता. दहा मिलिसेकंदांत ०.४८ अँपिअर, आणि पुढे थांबायचं नावच नाही. खऱ्या कॉइलमध्ये करंट जसा वाढतो तसा रेझिस्टन्स त्यातलं व्होल्टेज खात जातो, म्हणून वाढ मंदावते आणि अर्ध्या अँपिअरवर स्थिरावते. हा वेळ इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स या आकड्याने मोजतात. इथे तो सुमारे १०.४ मिलिसेकंद येतो.

आता बंद करण्याची बाजू. वरच्या नियमात करंट क्षणात शून्य करायचा म्हटलं तर बदलाचा वेग अमर्याद होतो आणि व्होल्टेजही अमर्याद. म्हणजे इंडक्टरमधला करंट उडी मारू शकत नाही. व्होल्टेज मारू शकतं, आणि मारतं. ट्रान्झिस्टरने १०० मायक्रोसेकंदांत अर्धा अँपिअर तोडायचा प्रयत्न केला तर हिशोबाने २,५०० व्होल्ट येतात. दिशाही लक्षात घ्या. करंट पूर्वीच्याच दिशेने वाहायला बघतो, पण तो वाढायच्या ऐवजी कमी होऊ लागल्यामुळे कॉइलच्या टोकांवरचं व्होल्टेज उलटं होतं. ट्रान्झिस्टरकडचं टोक, जे आत्तापर्यंत शून्याजवळ होतं, ते २४ च्या वर उसळतं.

हेच वागणं आपण वर्षानुवर्षं कामाला लावलेलं आहे. जुन्या पट्टी ट्यूबचा स्टार्टर उघडला की चोक जो झटका देतो, त्यावरच ट्यूब पेटते. जोसेफ हेन्री यांनी लांब तारेची जोडणी तोडताना पडणारी ठिणगी पाहून १८३२ मध्ये त्यावर लिहिलं होतं, आणि इंडक्टन्सच्या एककाला त्यांचंच नाव आहे.

प्रत्यक्षात २,५०० व्होल्ट दिसत नाहीत, कारण त्याआधीच ट्रान्झिस्टर हार मानतो. अशा कामाला वापरल्या जाणाऱ्या टीआयपी१२२ ट्रान्झिस्टरची मर्यादा १०० व्होल्ट आहे. तिथे तो फुटायला लागतो, पण करंट अजून जवळपास अर्धा अँपिअर असतो. शंभर व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे ५० वॅट, आणि तेही सिलिकॉनच्या एखाद्या कोपऱ्यात, दोन-तीन मिलिसेकंद. कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा, म्हणजे अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, इथे सुमारे ६२ मिलिज्यूल आहे आणि ती कुठेतरी जिरलीच पाहिजे. थोडी लोखंडी प्लंजरमध्ये (कॉइल ओढते त्या दांड्यात) जिरते, थोडी वायरच्या कपॅसिटन्समध्ये जाते, म्हणून ट्रान्झिस्टर पहिल्याच दिवशी मरत नाही. आठवडाभर चालून मग जातो, आणि त्यामुळेच लोकांना वाटतं की माल डुप्लिकेट निघाला.

मोठा ट्रान्झिस्टर का नको, तेही यातच आलं. आयआरएफझेड४४एन या मॉसफेटचा (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) ४९ अँपिअरचा आकडा वाचून माणूस निर्धास्त होतो, पण त्याची व्होल्टेज मर्यादा ५५ आहे, टीआयपी१२२ पेक्षाही कमी. अँपिअर वाढवून व्होल्टेजचा प्रश्न सुटत नाही. मॉसफेट असा मार काही काळ सोसतो एवढंच.

उपाय : डायोड, आणि तो नक्की कसा लावायचा

करंटला थांबायला लावू नका, फिरायला वाट द्या. कॉइलच्या दोन टोकांना समांतर एक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावायचा, पट्टीची बाजू प्लसकडे. व्हॉल्व चालू असताना डायोड उलटा असल्याने गप्प बसतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलचं व्होल्टेज उलटतं, डायोड सुरू होतो आणि करंट कॉइल-डायोड-कॉइल असा फिरत संपतो. ट्रान्झिस्टरवर २४ अधिक डायोडचे ०.७, म्हणजे २५ व्होल्टच्या आतच येतात. एक अँपिअरचा डायोड अर्ध्या अँपिअरच्या कॉइलला पुरतो. छोट्या १२ व्होल्टच्या ४०० ओहमच्या रिलेला तर १एन४१४८ सुद्धा चालतो, आणि त्याच्यामागे ४५ व्होल्टचा बीसी५४७ ट्रान्झिस्टर निवांत काम करतो.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. तरीही कार्डं परत येतात. त्याची कारणं अशी.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे वायरची अदलाबदल. साध्या डीसी सोलेनॉइडला प्लस-मायनस नसतो, वायर कशाही लावल्या तरी प्लंजर उचलतो. पण डायोड लावल्या क्षणापासून त्या जोडीला दिशा येते. बागेत कुणी व्हॉल्व साफ करायला सोडला आणि दोन वायर उलट्या लावल्या की डायोड सरळ शॉर्ट होऊन बसतो आणि चालू करताक्षणी ट्रान्झिस्टर जातो. म्हणून कॉइलवर डायोड सोल्डर करत असाल तर प्लसच्या वायरवर लाल स्लीव्ह घाला आणि मालकाला समोर उभं करून दाखवा.

दुसरं, यूएलएन२००३ (एकाच आयसीत अनेक ट्रान्झिस्टर) असलेली कार्डं. या आयसीत डायोड आतच असतात, पण त्यांची सगळी पट्टीची टोकं नऊ नंबरच्या पिनवर एकत्र आणलेली असतात. ती पिन प्लसला जोडली नसेल तर आतले डायोड असून नसल्यासारखे. माझ्याकडे आलेल्या कार्डांवर ती पिन कितीदा तरी मोकळी दिसली आहे. शिवाय ती पिन व्हॉल्वच्याच पुरवठ्याच्या प्लसला हवी. कार्ड १२ वर आणि व्हॉल्व २४ वर असतील आणि पिन चुकून १२ ला गेली असेल तर व्हॉल्व बंद असतानाही त्या डायोडमधून करंट वाहत राहतो. आणि या आयसीच्या एका चॅनेलची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे, म्हणजे आपली १२ वॅटची कॉइल काठावरच बसते. तिथे वेगळा मॉसफेट द्या.

तिसरं, डायोड बसवलेला असतो पण तुटलेला असतो. फवारणी, पाऊस, खताचं पाणी यांनी जंक्शन बॉक्समध्ये त्याचा पाय सडतो. तो जागेवरच तपासला तर मीटर फसवतो. शेजारी ४८ ओहमची कॉइल असल्याने डायोड मोडवर आकडा जवळपास शून्य येतो आणि डायोड शॉर्ट असल्यासारखा वाटतो. एक पाय उचला, मग बघा. एका बाजूने ०.५ ते ०.६ आणि दुसऱ्या बाजूने काही नाही, असं आलं तर तो ठीक.

डायोड कार्डावर लावायचा की कॉइलवर, हा प्रश्न नेहमी येतो. ट्रान्झिस्टर वाचवायला कार्डावरचा पुरतो. पण कॉइल दीड-दोनशे मीटर लांब असेल तर बंद होतानाचा करंट तेवढ्या लांब वायरमधून फिरतो आणि त्याच पाइपात सेन्सरच्या वायर असतील तर रीडिंग हलतं, प्रोसेसर रिसेट होतो. तेव्हा कॉइलजवळ एक आणि कार्डावर एक, असे दोन लावा. रुपया-दोन रुपयांच्या वस्तूसाठी काटकसर करू नये. कारखान्यातल्या हायड्रॉलिक व्हॉल्वसाठी डिन कनेक्टरच डायोड आणि एलईडीसकट मिळतो, तो घ्या.

कॉइलला समांतर कॅपॅसिटर लावलेलाही मी बघितला आहे. तो काढून टाका. चालू होताना तो ट्रान्झिस्टरकडून मोठा करंट ओढतो.

डायोड लावला आणि व्हॉल्व उशिरा सुटायला लागला

ही तक्रार खरी आहे. डायोडवर फक्त ०.७ व्होल्ट उलटे पडतात, आणि व्होल्टेज कमी म्हणजे करंट कमी होण्याचा वेगही कमी. नियम तोच, दुसऱ्या बाजूने वाचलेला. आपल्या उदाहरणात करंट एक दशांशावर यायला डायोडने सुमारे २२ मिलिसेकंद लागतात. त्याच डायोडच्या मालिकेत २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटाही सुरू होणारा डायोड) उलट दिशेने जोडला तर हाच वेळ सुमारे ६ मिलिसेकंदांवर येतो. किंमत एवढीच की ट्रान्झिस्टरवर आता ४९ व्होल्टच्या आसपास येतात, म्हणून तो निदान ८०-१०० व्होल्टचा हवा. यूएलएन२००३ ची मर्यादा ५० व्होल्ट आहे, त्याच्याबरोबर ही जोडणी करू नका.

ठिबकच्या व्हॉल्वला पंधरा-वीस मिलिसेकंदांनी काहीच बिघडत नाही, तिथे साधा डायोडच ठेवा. प्रेसचा क्लॅम्प, मोजून माल सोडणारा व्हॉल्व किंवा मोठा करंट तोडणारा रिले असेल तर फरक पडतो. रिलेचे कॉन्टॅक्ट सावकाश उघडले की आर्क लांबतो आणि ते लवकर खराब होतात.

अंबडमधल्या शॉपमध्ये होइस्टचा डीसी ब्रेक उशिरा लागतो अशी तक्रार आली तर हेच तपासा. ब्रेकची कॉइल ब्रिज रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांवर) असते. कॉन्टॅक्टर एसीच्या बाजूने तोडत असेल तर ब्रिजमधले डायोडच करंटला फिरायची वाट देतात, कॉइल सावकाश सुटते आणि तेवढा वेळ लोड घसरतो. डीसीच्या बाजूचा कॉन्टॅक्टही त्याच वेळी उघडेल अशी जोडणी करा आणि कॉइलवर व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज आलं की ते जिरवणारा भाग) द्या. लोकांच्या डोक्यावर लोड असतो, इथे चालढकल नको.

एसी कॉइलवर डायोड कधीही नाही

डायोड लावण्याआधी कॉइलवरचा छापा वाचा. ठिबकच्या अनेक व्हॉल्वच्या कॉइल २४ व्होल्ट एसीच्या असतात. तिथे डायोड लावला तर अर्ध्या सायकलला तो पुरवठाच शॉर्ट करतो.

एसीमध्ये आदर्श इंडक्टरचा करंट व्होल्टेजच्या पाव सायकल मागे असतो, ५० हर्ट्झला ५ मिलिसेकंद. व्होल्टेज शिखरावर असतं तेव्हा करंट शून्यातून जात असतो, कारण तिथेच तो सगळ्यात वेगाने बदलतो. म्हणूनच मोटरच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्ट उघडताना कधी मोठी ठिणगी पडते, कधी काहीच नाही. ज्या क्षणी तोडलं तेव्हा करंट कुठे होता, यावर ते ठरतं. २३० व्होल्टच्या कॉइलला २७५ व्होल्ट एसीचा व्हॅरिस्टर किंवा १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची आरसी (रेझिस्टन्स-कॅपॅसिटर) जोडी लावा. कॅपॅसिटर मेन्ससाठी बनवलेल्या एक्स२ वर्गाचाच घ्या. शेतीपंपाच्या स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर व्हॅरिस्टर ५१० व्होल्ट एसीचा हवा, २७५ चा लगेच फुटेल.

एसी कॉइल स्वतःच जळत असेल तर तो प्रकार वेगळा. एसीत करंट मुख्यतः इंडक्टन्स अडवतो, आणि इंडक्टन्स प्लंजर पूर्ण आत बसल्यावरच वाढतो. बसला नाही तर चालू होतानाचा पाच-दहापट करंट तसाच वाहत राहतो. शेतातल्या स्टार्टरमध्ये मुंग्या किंवा पाल अडकली, किंवा व्होल्टेज पडून कॉन्टॅक्टर थरथरत राहिला की कॉइल जाते. नवी कॉइल टाकण्याआधी कॉन्टॅक्टर खोलून साफ करा. डीसी कॉइलला ही अडचण नाही, तिचा करंट रेझिस्टन्सच ठरवतो.

बॅटरीवर चालणारे लॅचिंग व्हॉल्व हा तिसरा प्रकार. त्यांना उघडायला सुलट आणि बंद करायला उलट पल्स द्यावा लागतो. तिथेही एकेरी डायोड चालत नाही, एका दिशेचा पल्स तो गिळून टाकतो. दोन्ही दिशांचा टीव्हीएस (झटका जिरवणारा) डायोड लावा, नाहीतर पल्सची दिशा बदलणाऱ्या एच-ब्रिजमधले चारही डायोड जागेवर आहेत का ते बघा.

शेवटी आरसी जोडीबद्दल. ती कॉइलऐवजी कॉन्टॅक्टला समांतर लावली असेल तर कॉन्टॅक्ट उघडा असतानाही ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टवर सुमारे ७ मिलिअँपिअर जात राहतात. मोठ्या कॉन्टॅक्टरला त्याने फरक पडत नाही, पण छोटा एसी रिले तेवढ्यावरच धरून राहतो आणि एलईडी इंडिकेटर मंद पेटलेला दिसतो. "बंद केलं तरी रिले सुटत नाही" म्हणून आलेल्या पॅनलमध्ये हे सापडलं तर जोडी तिथून काढून कॉइलच्या टोकांवर हलवा.